धूर दिसतो, ओझोन दिसत नाहीं

औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधि यांनीं सूर्यनमस्कारांचा केलेला पुरस्कार आमच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको. सूर्यप्रकाश आणि मोकळी हवा हीं आरोग्याचीं साधनें होत, ही श्रद्धा त्यांच्या संस्थानांत शाळेंतल्या मुलांपर्यंत पोहोंचली. ती श्रद्धा खोटी नव्हे. परंतु हवाच मळलेली असेल, तर तोच सूर्य तींत एक विष पिकवितो.

मुंबईचा धूर सर्वांस दिसे. गिरण्यांचीं धुराडीं वाढलीं, तेव्हां १९१२ सालीं धुराच्या उपद्रवाविरुद्ध कायदा झाला. १९१५ सालीं खोपोलीच्या टाटा केंद्रांतून सह्याद्रीच्या पाण्याची वीज गिरण्यांस मिळूं लागली. १९६२ पासून आमच्या सातारा जिल्ह्यांतील कोयनेनें तींत मोठी भर घातली. परंतु मागणी पाण्यावर भागेना. १९२९ मध्यें ठाकुर्लीस रेल्वेसाठीं, १९५६ मध्यें तुर्भ्यास मुंबईसाठीं, आणि पुढें कोराडी व चंद्रपूर येथें इंधन जाळून वीज करणारीं केंद्रें उभीं राहिलीं. धुराडीं उंच झालीं, राखेचे कण पकडणारीं यंत्रें बसलीं. आणि धूर ओसरला म्हणजे दोषही ओसरला, अशी समजूत रूढ झाली.

ओझोन या समजुतीस बसत नाहीं. १८३९ च्या सुमारास बाझेल येथें शोनबाइन यास तो त्याच्या वासावरून सांपडला, आणि एकोणिसाव्या शतकांतील कित्येक डॉक्टर त्यास आरोग्यदायी मानीत! वातावरणाच्या उंच थरांत तो आपणांस सूर्याच्या घातक किरणांपासून वांचवितो, हें खरें. पण जमिनीलगत तोच फुप्फुसांस जाळतो आणि गव्हासारख्या पिकाचा उतारा घटवितो. शिवाय तो कोणत्याही धुराड्यांतून बाहेर पडत नाहीं. भट्टीच्या प्रखर उष्णतेंत नत्र व प्राणवायु यांचीं संयुगें होतात. मोटारींतूनही तींच निघतात. त्यांस पेट्रोल, रंग इत्यादींच्या वाफा भेटल्या आणि वर ऊन पडलें, कीं कांहीं तासांत ओझोन तयार होतो. लॉस एंजलिसच्या धुक्याचें हें रहस्य १९५० च्या सुमारास हागेन-स्मिट यानें उलगडलें.

येथें एक विलक्षण गोष्ट ध्यानांत घ्यावी. धुराड्याजवळ ताजा नायट्रिक ऑक्साइड असलेला ओझोन खाऊन टाकतो. म्हणून केंद्राच्या पायथ्याशीं मोजणी केली तर हवा निर्दोष भासते. तोच लोट वाऱ्याबरोबर दहा-वीस कोस गेला, म्हणजे तेथें ओझोन वाढतो. करणारा एकीकडे, भोगणारा दुसरीकडे! शहराच्या आंतही हिशेब सरळ नाहीं. २०२० च्या टाळेबंदींत वाहनें थांबलीं, तरी कित्येक शहरांत ओझोन उलट वाढला. कारण त्यास खाणारा वायु कमी झाला होता.

म्हणून कांहींच करूं नये, असें म्हणणाऱ्यांचें मत आम्हांस मान्य नाहीं. अमेरिकेनें १९९८ सालीं पूर्वेकडील राज्यांस वीजकेंद्रांचीं नत्रसंयुगें कमी करण्याचा आदेश दिला. एका राज्याचा वायु दुसऱ्यास बाधतो, हें तत्त्व त्यांत मान्य झालें, आणि पुढील वर्षांत तेथील उन्हाळी ओझोन उतरला. आमच्याकडे २००९ च्या मानकांनीं आठ तासांच्या सरासरीस घनमीटरांत १०० मायक्रोग्रॅम ही ओझोनची मर्यादा ठरविली. कोळशाच्या केंद्रांवर नत्रसंयुगांची मर्यादा २०१५ सालीं आली. पण २००४ ते २०१६ या काळांत बसविलेल्या संचांसाठीं ती २०२० मध्यें ३०० वरून ४५० मिलिग्रॅम अशी सैल झाली. शहरांतील वाफा आणि दूरच्या केंद्रांचे वायु, दोन्ही एकदम आवरल्यावांचून गत्यंतर नाहीं.

१९१२ च्या कायद्यास डोळे पुरेसे होते. आजच्या कायद्यास वाऱ्याची दिशा आणि उन्हाची वेळ जाणावी लागेल. शहरांत ओझोन पहांटे अत्यल्प व दुपारीं अधिक असतो. सूर्यनमस्कार प्रातःकाळीं घालण्याचा जुना दंडक त्या अर्थानेंही शहाणपणाचा ठरतो. मात्र दुपारीं शेतांत राबणाऱ्यास आणि भर रस्त्यावर पोट भरणाऱ्यास प्रातःकाळ निवडतां येत नाहीं. त्यांची हवा राखणें हें दिवे लावणाऱ्या आम्हां सर्वांचें कर्तव्य आहे.