वॉटसन हॉटेलातला कर्जबाजारी पाहुणा

जानेवारी १८९६. मुंबईत वॉटसन हॉटेलात साठ वर्षांचा एक अमेरिकन लेखक खोकत पडला होता. खोलीबाहेरचे कावळे त्याला दिवसभर न्याहाळत होते. पुढे त्याने त्या कावळ्यांवर लिहिलंही. सोबत बायको ऑलिव्हिया आणि मुलगी क्लारा होती. खोकला जरा ओसरला की त्याला नॉव्हेल्टी थिएटरात तिकीट काढून आलेल्या लोकांसमोर उभं राहायचं होतं. लेखक होता मार्क ट्वेन. काळा घोड्याजवळची ती लोखंडी सांगाड्याची इमारत अजून उभी आहे.

इतका गाजलेला माणूस या वयात गावोगाव व्याख्यानं का देत फिरत होता? कारण साधं होतं, डोक्यावर सुमारे एक लाख डॉलरचं कर्ज होतं.

ट्वेनची पुस्तकं खपत नव्हती असं मात्र नाही. पुस्तक कसं विकावं हे त्याच्याइतकं फार थोड्या लेखकांना कळलं होतं. १८६९ साली त्याचं 'द इनोसंट्स अब्रॉड' हे प्रवासवर्णन दुकानांत ठेवून विकलं गेलं नाही, ते दारोदार विकलं गेलं. विक्रेत्याकडे नमुन्याची वही असे. तिच्यात काही पानं, काही चित्रं, बांधणीचे नमुने आणि शेवटी नोंदणीसाठी कोऱ्या रेघा. शेजाऱ्याचं नाव त्या रेघेवर दिसलं की पुढच्या घराला नाही म्हणणं जड जाई. पुस्तकाचं दुकान नसलेल्या खेड्यांतही पुस्तक पोचलं ते या पद्धतीमुळे. शिष्ट साहित्यवर्तुळं तिला नाकं मुरडत, पण ट्वेनने पर्वा केली नाही.

पुस्तकाबाहेरचे त्याचे उद्योगही बरेच होते. 'द गिल्डेड एज' कादंबरीतल्या कर्नल सेलर्सला त्याने १८७४ मध्ये रंगभूमीवर आणलं आणि त्या नाटकाने त्याला चांगले पैसे मिळवून दिले. आधीच डिंक लावलेल्या कात्रणवहीचं पेटंटही त्याच्या नावावर होतं. १८८४-८५च्या हिवाळ्यात जॉर्ज केबल या लेखकाबरोबर त्याने वाचनाचा दौरा काढला. 'हकलबेरी फिन' अमेरिकेत प्रसिद्ध व्हायच्या बेतात होतं, त्यातले उतारे तो लोकांना ऐकवी. म्हणजे जाहिरातही आपली आणि तिकिटाचा पैसाही आपला.

व्याख्यानाचा आणखी एक फायदा होता. त्या काळी पुस्तकाची चोरटी आवृत्ती निघायला वेळ लागत नसे. परदेशी लेखकांना अमेरिकेत कायद्याचं संरक्षण मिळालं ते १८९१ मध्ये, आणि ट्वेनची पुस्तकं कॅनडातले प्रकाशक खुशाल छापत. पण माणसाचा आवाज आणि नेमक्या जागी घेतलेला विराम कोण छापणार? तरी वर्तमानपत्रांनी व्याख्यानाचा गोषवारा छापला की तो चिडे, कारण पुढच्या गावाला विनोद आधीच ठाऊक झालेला असे.

मग एवढं कमावून तो बुडाला कसा? त्याने स्वतःची प्रकाशनसंस्था काढली. तिने १८८५ मध्ये अध्यक्ष ग्रँट यांच्या आठवणी छापल्या. तीन लाखांवर संच खपले आणि ग्रँट यांच्या विधवेला दोन लाख डॉलरचा धनादेश मिळाला. पण त्यानंतर तसं पुस्तक पुन्हा हाती लागलं नाही. शिवाय खिळे आपोआप जुळवणाऱ्या पेज यंत्रात तो वर्षानुवर्षं पैसा ओतत राहिला. ते यंत्र नाजूक होतं, सारखं बंद पडे. १८९४ च्या एप्रिलमध्ये संस्थेचं दिवाळं निघालं.

कायद्याने थोडं देऊन सुटता आलं असतं. पण ऑलिव्हिया आणि हितचिंतक हेन्री रॉजर्स यांचा आग्रह होता की पै न् पै फेडायची. म्हणून १८९५ च्या जुलैत दौरा सुरू झाला. अमेरिका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, श्रीलंका, मग मुंबई, पुणे, बडोदे आणि उत्तर हिंदुस्थान, शेवटी दक्षिण आफ्रिका. या प्रवासाचंच पुढे 'फॉलोइंग द इक्वेटर' हे पुस्तक झालं (१८९७). एकाच वाटेवरून त्याने दोनदा कमाई केली, आधी तिकिटांवर, मग पानांवर. १८९८ मध्ये कर्ज फिटलं.

पण हिशोब इथे संपत नाही. थोरली मुलगी सूझी दौऱ्यावर आली नव्हती, ती अमेरिकेतच राहिली होती. दौरा आटोपून ट्वेन इंग्लंडला पोचला आणि १८ ऑगस्ट १८९६ रोजी ती मेंदूच्या आवरणाच्या आजाराने गेली. वय चोवीस. ऑलिव्हिया आणि क्लारा तिच्याकडे निघाल्या होत्या, पण जहाज तेव्हा समुद्रात होतं. ट्वेनला तार मिळाली ती इंग्लंडात, एकटा असताना. त्यानंतर इंग्लंडातच त्याने ते प्रवासाचं पुस्तक लिहायला घेतलं.

लेखकाने आपलं पुस्तक स्वतः विकावं, लोकांसमोर जावं, असं आज सर्रास सांगितलं जातं. ते खोटं नाही, ट्वेन त्याच वाटेने कर्जातून सुटला. पण लेखक दौऱ्यावर असतो तेव्हा तो घरी नसतो, आणि ही रक्कम कोणत्याही जमाखर्चात मांडली जात नाही.