ब्लायच्या वाड्यातील एकमेव साक्ष

एकाच कागदपत्रावरून दोन प्रामाणिक अधिकारी परस्परविरुद्ध निष्कर्ष काढतात, हा अनुभव शासकीय सेवेत उभी हयात घालविलेल्या आम्हांस नवा नाही. परंतु एका लहानशा कथेवरून सव्वाशे वर्षे वाचकांत दोन तट पडून राहावेत, आणि दोन्ही तटांनी आपापल्या बाजूने त्याच कथेतील तीच वाक्ये पुढे करावीत, हे साहित्याच्या इतिहासातही विरळाच. हेन्री जेम्स या अमेरिकेत जन्मलेल्या व इंग्लंडात स्थायिक झालेल्या कादंबरीकाराची ‘द टर्न ऑफ द स्क्रू’ ही ती लघुकादंबरी. न्यूयॉर्कच्या ‘कॉलियर्स वीकली’ या साप्ताहिकातून २७ जानेवारी ते १६ एप्रिल १८९८ या काळात ती क्रमशः प्रसिद्ध झाली व त्याच वर्षी पुस्तकरूपाने आली.

ज्यांनी ती वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एका गरीब पाद्र्याची वीस वर्षांची मुलगी लंडनच्या हार्ले स्ट्रीटवरील एका श्रीमंत, देखण्या गृहस्थाकडे गव्हर्नेसची, म्हणजे घरी राहून मुलांना सांभाळण्याची व शिकविण्याची, नोकरी पत्करते. मुले त्याची पुतणे मंडळी, दहा वर्षांचा माइल्स व आठ वर्षांची फ्लोरा. त्यांचा पिता लष्करात होता आणि आईबाप दोघेही हिंदुस्थानात वारलेले. महू काय किंवा बेळगाव काय, छावणीच्या परिसरात वाढलेल्या आपल्यापैकी अनेकांनी जुन्या इंग्रजी कबरस्तानांतील थडगी पाहिली असतील. त्यांच्या मागे राहिलेल्या मुलांचे विलायतेत पुढे काय होत असे, याचा विचार मात्र क्वचितच मनात येतो. असो. नोकरीची अट एकच, पण विलक्षण : मालकाला कशाहीसाठी त्रास द्यावयाचा नाही, तक्रार नाही, विनंती नाही, पत्र नाही.

एसेक्स परगण्यातील ब्लाय या वाड्यात ती पोहोचते. माइल्सला शाळेतून काढून टाकल्याचे पत्र येते, पण त्यात कारण दिलेले नसते. मग तिला बुरुजावर एक पुरुष दिसतो, पुढे तळ्यापलीकडे एक स्त्री. घरची कारभारीण मिसेस ग्रोस तिच्या वर्णनावरून पुरुष ओळखते : मालकाचा मृत नोकर पीटर क्विंट. स्त्री म्हणजे आधीची गव्हर्नेस मिस जेसेल, तीही मृत. मुले या दोघांच्या कह्यात आहेत अशी तरुणीची खात्री पटते. ती त्यांना वाचवू पाहते. अखेर फ्लोरा तापाने फणफणून घर सोडते आणि माइल्स गव्हर्नेसच्या मिठीत प्राण सोडतो. हे सर्व आपणांस कळते ते केवळ तिच्या लेखी निवेदनातून. भुते पाहिल्याचे सांगणारी दुसरी व्यक्ती कथेत नाही.

मूळ बीज जेम्सला मिळाले ते कँटरबरीचे आर्चबिशप बेन्सन यांच्याकडून. दुष्ट नोकरांची भुते मुलांना ओढून नेऊ पाहतात अशी एक अर्धवट ऐकीव गोष्ट त्यांनी सांगितली आणि जेम्सने १२ जानेवारी १८९५ रोजी ती टिपणवहीत उतरविली. त्याच महिन्याच्या ५ तारखेला लंडनच्या रंगभूमीवर त्याच्या ‘गाय डॉमव्हिल’ नाटकाच्या पहिल्या प्रयोगास प्रेक्षकांनी हुर्यो उडविली होती. प्रेक्षक आपल्याला काय करू शकतो हे त्याला नुकतेच कळले होते. वाचकाला आपण काय करू शकतो हे त्याने तीन वर्षांनी दाखवून दिले.

पहिल्या पिढीच्या वाचकांना भुतांविषयी शंका आली नाही. त्यांचा प्रश्न नैतिक होता. निरागस बालकांना भ्रष्ट होताना दाखवावे काय? ‘इंडिपेंडंट’ या अमेरिकन साप्ताहिकाने तर १८९९ च्या जानेवारीत या कथेइतके हताश करणारे पाप आपण वाचले नसल्याचा अभिप्राय दिला. पुढे १९२१ साली व्हर्जिनिया वुल्फ यांनी या कथेतील भीतीवर बोट ठेवले : आपण घाबरतो ते कदाचित आपल्याच आत असलेल्या कशाला तरी. वाऱ्याची दिशा बदलू लागली होती. १९२४ मध्ये एडना केन्टन यांनी गव्हर्नेसच्या निवेदनावर विसंबण्याबद्दल वाचकाला सावध केले, आणि १९३४ मध्ये एडमंड विल्सन यांनी ‘हाउंड अँड हॉर्न’ या नियतकालिकात ती सूचना पूर्ण आरोपपत्रात रूपांतरित केली. भुते नाहीतच, मालकावर मन जडलेल्या, दडपलेल्या वासनांच्या तरुणीला झालेले ते भास आहेत. फ्रॉइडची परिभाषा हाताशी होतीच. फ्लोराच्या हातातील लाकडाच्या खेळण्यालाही त्यातून सुटका मिळाली नाही!

यावर जो वाद पेटला तो मोठा वाचनीय आहे. १९४७ साली वॉल्डॉक या अभ्यासकाने एकच साधा प्रश्न विचारला. क्विंट हा केवळ भास असेल, तर ज्याला तिने कधी पाहिले नाही, ज्याचे नावही ऐकले नाही, त्याचे वर्णन मिसेस ग्रोसने ओळखावे इतके अचूक तिने दिले कसे? त्याच वर्षी रॉबर्ट हाइलमन यांनीही फ्रॉइडवादी वाचनावर कडाडून हल्ला चढविला. विल्सन १९४८ मध्ये काहीसे मागे हटले आणि १९५९ मध्ये पुन्हा मूळ जागी येऊन बसले. आम्हांस विचाराल तर वॉल्डॉकचा प्रश्न हा उलटतपासणीतील उत्तम प्रश्न होता, पण निर्णायक नव्हता. ओळख पटविणारी मिसेस ग्रोस आहे. आणि ती ओळख पटली हे सांगणारी पुन्हा गव्हर्नेसच आहे.

तळ्याकाठचा प्रसंग दुसऱ्या पक्षाच्या कामाचा. गव्हर्नेसला जेसेल समोर स्पष्ट दिसते आणि शेजारी उभ्या मिसेस ग्रोसला काहीच दिसत नाही. उलट कथेच्या आरंभी, नाताळच्या दिवसांत शेकोटीभोवती हे हस्तलिखित वाचून दाखविणारा डग्लस तिला उत्तम चारित्र्याचा दाखला देतो. पुढे ती त्याच्याच बहिणीची गव्हर्नेस होती. भोळ्या वाचकाला तो दाखला पुरतो. आम्ही आयुष्यात इतके चारित्र्याचे दाखले पाहिले आहेत की आम्हांस तो पुरत नाही.

या इतिहासातील आमचे आवडते पान प्राध्यापक हॅरॉल्ड गोडार्ड यांचे. विल्सनच्या कितीतरी आधी, १९२० च्या सुमारास, त्यांनी गव्हर्नेसचे मन बिघडले आहे असे मांडणारा निबंध लिहून ठेवला व छापला मात्र नाही. त्यांच्या मृत्यूनंतर, १९५७ साली, तो प्रकाशात आला. त्यात फ्रॉइड नाही, आठवण आहे. त्यांच्या लहानपणी घरात एक मोलकरीण होती. ती मुलांना अद्भुत गोष्टी सांगे, आणि पुढे तिला वेड्यांच्या इस्पितळात ठेवावे लागले. मोठ्या माणसाच्या भयाच्या छायेत मूल कसे वागते, हे गोडार्ड यांना सिद्धान्तावरून ठरवावे लागले नाही. म्हणूनच ते मुलांची बाजू घेऊन वाचतात.

रंगभूमीला मात्र संदिग्धता परवडत नाही. बेंजामिन ब्रिटनच्या १९५४ च्या संगीतिकेत भुते रंगमंचावर येऊन गातात. गाणाऱ्या भुताचे अस्तित्व नाकारणार कसे? १९६१ च्या ‘द इनोसन्ट्स’ चित्रपटाने दोन्ही दारे किलकिली ठेवण्याची कसरत बरीच साधली. पुढे १९७० मध्ये तोदोरोव्ह यांनी हा संशय हेच अशा साहित्याचे लक्षण मानले. खुद्द जेम्सने १९०८ च्या प्रस्तावनेत म्हटले होते की दुष्टपणा काय तो आपण सांगितलेला नाही. वाचकाने तो स्वतः कल्पावा. चौकशी अधिकाऱ्यालाच आरोप लिहावयास लावण्याचा हा प्रकार!

आमच्या घरीही दोन तट पडले. आम्ही निवृत्तीनंतर हे पुस्तक प्रथम वाचले ते पुरावा तपासण्याच्या जुन्या सवयीने, आणि अर्धी वही भरली. सौभाग्यवतींनी वाचले, त्या शाळेत शिकवीत असत. भुतांविषयी त्या अक्षरही बोलल्या नाहीत. “अहो, दहा वर्षांच्या पोराला शाळेतून काढलं, आणि त्या बाईनं शाळेला एक पत्र टाकू नये?” एवढेच त्यांनी विचारले. आम्ही वही चाळली. खरोखरच, शाळेला ती काहीच लिहीत नाही. मालकाला उशिरा एक पत्र लिहिते, तेही भेटीची विनंती करण्यापुरते. ते माइल्स चोरतो. शाळेत काय केले म्हणून शेवटी विचारता तो सांगतो की आपण काही गोष्टी बोललो, आवडत्या मित्रांपाशी. काय बोललो ते सांगण्याआधीच तो मरतो.

तेव्हा आम्हांस हार्ले स्ट्रीटवरचे ते गृहस्थ आठवले. आमच्या सेवेतही एक वरिष्ठ असे होते की ज्यांच्या टेबलावर वाईट बातमीचा कागद गेलेला त्यांना खपत नसे. खालचे लोक आपापल्या बुद्धीने निस्तरत, आणि त्यात कधी कुणाचा बळी जाई. शाळेचे ते पत्रसुद्धा या काकांनी न फोडताच ब्लायला धाडले होते. भूत की भास या गदारोळात ते कसे अलगद बाजूला राहिले, आणि आमच्या अर्ध्या वहीतही त्यांचे नाव एकदा तरी आले होते काय? नव्हते.

“आणि पोरगा गेल्याचं त्या काकांना कळवलं कुणी?” सौभाग्यवतींनी पुस्तक मिटताना विचारले. आम्ही शेवटचे पान पुन्हा उघडले. कथा माइल्सच्या थांबलेल्या हृदयापाशी संपते. शेकोटीभोवतीच्या मंडळींकडेही ती परत येत नाही.