माजलगावच्या ओव्या आणि प्राथमिक शाळा

बीड जिल्ह्यातील स्त्रीगीतांचा विचार करिताना माजलगावच्या भीमनगर वस्तीचे उदाहरण उद्बोधक ठरते. हेमा राईरकर व गी पॉइटवाँ यांनी आरंभिलेल्या जात्यावरील ओव्यांच्या संग्रहकार्यात १९९६ साली येथील दलित स्त्रियांच्या ओव्या ध्वनिमुद्रित झाल्या. त्यांत डॉ. आंबेडकरांविषयीच्या ओव्या आहेत. पिठाच्या गिरणीमुळे जाते थांबले. ओवी स्मृतीत राहिली. प्राथमिक शाळेत ती शिकविताना ‘लोकगीत’ एवढेच म्हणून भागणार नाही. गायिकांची नावे संग्रहात नोंदलेली असता त्यांना निनावी करणे, अथवा आंबेडकरांचा उल्लेख गाळून केवळ चाल उचलणे, हा इतिहासाचा अपलाप होय. मुलांनी प्रथम जाते, श्रम व गाणारी स्त्री जाणावी. चाल त्यानंतर, शक्यतो तिच्याच मुखातून, शिकावी.