दादीचं पंचांग

माझ्या दादीला इसवी सन कळत नसे. गावातली लग्नं, मयती, दुष्काळ, सगळं ती मोहरमवरून सांगायची. ‘तुझा बाप झाला तवा असलं ऊन, मोहरमच्या जळत्या खाईजवळ उभं ऱ्हावंना.’ हिजरी वर्षाला अधिक महिना नाही. मोहरम दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो आणि साधारण 33 वर्षांत सगळे ऋतू फिरतो. ती ऋतू सांगायची, साल मी काढायचो. बापाचं 1966च्या आसपास यायचं.

मोहरमला ती सण म्हणत नसे. इसवी सन 680मध्ये करबलाच्या मैदानात पैगंबरांचे नातू हुसेन यझीदच्या फौजेकडून मारले गेले, तेही पाणी तोडल्यावर. म्हणून ताबुतांच्या वाटेवर सरबत. पण त्याच वाटेवर पोरं अंगाला पट्टे ओढून वाघ व्हायची, हलगी कडाडायची, घरोघरी गुळाचे चोंगे. मौलवींना हे पटत नसे. दादीचं म्हणणं, ‘मोठ्यांनी रडावं, लेकरांनी चोंगं खावं.’ मला आजही तिचंच पटतं.

कडेगावच्या ताबुतांच्या भेटी बघायला ती बैलगाडीने जायची. बांबूचे ते उंच डोलारे कळसापासून खाली बांधत आणतात, आणि त्यातले काही हिंदू घराण्यांच्या मानाचे. मुंबईतल्या 1893च्या दंगलींनंतर पुण्यात सार्वजनिक गणपतीने जोर धरला आणि ताबुतांपुढचे हिंदू पांगले. ती हवा आमच्या वेशीत शिरली नाही. पिरांचे पंजे धरायला मराठ्यांची, धनगरांची पोरं नवस बोलून यायची.

तिची आवडती गोष्ट मात्र गणपती आणि पीर लागोपाठ तीन वर्षं एकदम बसल्याची. मी पडताळून पाहिलं: 1985, 86, 87. अमावस्या दोघांची एकच. चौथीला गणपती, दहाव्या चंद्राला ताबूत थंडे. 1988च्या अधिक ज्येष्ठाने जोडी फोडली. ती पुन्हा जमली 2018 ते 2020मध्ये. तिसऱ्या वर्षी कोरोनाने दोघांच्याही मिरवणुका बंद.

दादीचा स्वतःचा जन्म मोहरमच्या कत्तलच्या रात्रीचा, शाळू काढणीला आलेला. म्हणजे 1938 ते 40मधलं एखादं साल. आधार कार्डावर 1 जून 1945 छापलं होतं. ‘ते सरकारचं,’ म्हणायची.