साचेखाते आणि संगणकखाते

अमेरिकेतील नोकऱ्या भारतीय संगणकतज्ज्ञांनी पळविल्या, अशी ओरड तेथे गेली पंचवीस वर्षे अधूनमधून उठते. २००४ च्या अध्यक्षीय निवडणुकीत जॉन केरी यांनी परदेशी काम धाडणाऱ्या कंपनीप्रमुखांना एका प्रसिद्ध देशद्रोह्याची उपमा दिली होती. सप्टेंबर २०२५ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांनी नव्या एच-१बी अर्जांवर १,००,००० डॉलरचे शुल्क लादले. आपल्याकडे अशा प्रत्येक वेळी 'भारतीय गुणवत्तेवर अन्याय' हा एकच सूर उमटतो.

या वादात एक प्रश्न दोन्ही बाजू विचारीत नाहीत. अमेरिकन कामगाराशी स्पर्धा करणारा हा भारतीय कोण आहे? तो कोणत्या वस्तीतून, कोणत्या शाळेतून आला? आणि या स्पर्धेच्या मैदानात उतरण्याची मुभा या देशात कोणाला होती? हे प्रश्न इतिहासाचे आहेत, आणि आपल्यापुरता तो इतिहास संगणकापासून सुरू होत नाही. तो मुंबईच्या गिरणीपासून सुरू होतो.

मुंबईच्या कापडगिरण्यांत हजारो अस्पृश्य कामगार होते. पण साचेखात्यात, म्हणजे जेथे कापड विणले जाई तेथे, त्यांना मज्जाव होता. धोट्यात नवी कांडी घातल्यावर सुताचे टोक तोंडाने ओढून बाहेर काढावे लागे. अस्पृश्याचे तोंड लागलेला धोटा सवर्ण कामगार कसा वापरणार, असे कारण सांगितले जाई. साचेखात्यात मजुरी अधिक होती, हे मात्र कोणी सांगत नसे. कताईची कमी मजुरीची कामे आपल्या माणसांच्या वाट्याला आली. भरती जॉबरच्या हातात होती आणि जॉबर आपल्या गावची, आपल्या नात्याची, आपल्या जातीची माणसे आणी. १९२८ च्या मोठ्या संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी साचेखाते अस्पृश्यांना खुले करण्याची मागणी संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठेवली. पुढाऱ्यांनी ती मोठ्या नाखुशीने स्वीकारली. कामगार एकजुटीच्या घोषणा देणाऱ्यांनाही कामगारांमधील ही भिंत पाडण्याची घाई नव्हती.

दहा वर्षांनी, फेब्रुवारी १९३८ मध्ये, मनमाडला जी.आय.पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, हे बाबासाहेबांनी तेथे सांगितले. ते वाक्य आपण पाठ केले आहे, पण त्यामागचा तपशील आपण विसरतो. रेल्वेतला अस्पृश्य कामगार जन्मभर गँगमनच राहतो, त्याला हमाल म्हणूनसुद्धा घेत नाहीत, कारण स्टेशनमास्तर हमालाकडून घरकामही करवून घेतो, असे त्यांनी दाखवून दिले होते. स्पर्धा सुरू होण्यापूर्वीच स्पर्धक बाद करण्याची ही रीत आहे. ती नीट समजली, म्हणजे संगणक उद्योगाचा इतिहासही समजतो.

टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसची स्थापना मुंबईत १९६८ साली झाली. १९७३ साली अंधेरीला 'सीप्झ' हे इलेक्ट्रॉनिक मालाच्या निर्यातीसाठीचे खास क्षेत्र उभे राहिले. परकीय चलन वाचवण्याच्या त्या काळात परदेशी संगणक आणायचा, तर त्या बदल्यात निर्यातीची हमी द्यावी लागे. या अटीतूनच परदेशासाठी प्रोग्रॅम लिहिण्याचा धंदा वाढीला लागला. १९७८ साली आयबीएम कंपनी भारत सोडून गेली आणि देशी कंपन्यांना रान मोकळे झाले. त्याच वर्षी मराठवाड्यात नामांतराच्या ठरावावरून आपल्या वस्त्या जळत होत्या. विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव द्यावे एवढ्यासाठी आपली माणसे मार खात होती आणि विद्यापीठांतून बाहेर पडलेला दुसरा एक वर्ग नव्या यंत्रासमोर जाऊन बसत होता.

१९८१ साली पुण्यात सात अभियंत्यांनी १०,००० रुपयांच्या भांडवलावर इन्फोसिस सुरू केली, ही कथा शाळेतल्या मुलांनाही सांगितली जाते. जानेवारी १९८२ मध्ये गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले, आणि पुढे गिरणगाव उद्ध्वस्त झाले, ही कथा कोणी सांगत नाही. गिरण्यांच्या जमिनींवर पुढे काचेच्या कचेऱ्या उभ्या राहिल्या. बापाची गिरणी गेली म्हणून मुलाला संगणकासमोरची खुर्ची मिळाली, असे घडले नाही. त्या खुर्चीकडे जाणारी वाट इंग्रजी शाळेतून आणि अभियांत्रिकी महाविद्यालयातून जात होती.

ती वाट कोणी बांधली? येथे 'स्वकर्तृत्वा'ची भाषा तपासून पाहिली पाहिजे. खरगपूरची आयआयटी १९५१ ची, मुंबईची १९५८ ची. दोन्ही सरकारच्या, म्हणजे जनतेच्या पैशातून उभ्या राहिल्या. त्यांत अनुसूचित जाती-जमातींसाठी राखीव जागा आल्या त्या १९७३ साली. म्हणजे पहिली दोन दशके हे दरवाजे 'खुल्या स्पर्धे'च्या नावाखाली जवळजवळ एकाच वर्गासाठी उघडे होते. महाराष्ट्रात १९८३ नंतर विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालये निघाली. तेथे गुणांच्या जोडीला पैशाची थैलीही लागू लागली. तरीही गुणवत्तेचा बिल्ला त्याच मुलांच्या छातीवर राहिला.

पुढे ऑगस्ट १९९० मध्ये मंडल आयोगाच्या शिफारशी लागू करण्याची घोषणा झाली आणि शहरांतला पांढरपेशा वर्ग रस्त्यावर आला. १९९१ साली नवे आर्थिक धोरण आले. त्याच सुमारास सरकारने सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क उभारले. उपग्रहाने जोडलेले संदेशवहन, आयातीवर जकात माफ, निर्यातीच्या नफ्यावर प्राप्तिकर माफ, अशा सवलती या उद्योगाला मिळाल्या. त्यातली प्राप्तिकराची सवलत मार्च २०११ पर्यंत चालली. सरकारी नोकरीत आरक्षण वाढत असताना सरकारी नोकऱ्या आटत गेल्या, आणि जेथे आरक्षण नाही तेथे सरकारी सवलतींच्या पाण्यावर नोकऱ्यांचे पीक आले. यात कोणी कट केला असे म्हणण्याची गरज नाही. परिणाम पुरेसा बोलका आहे. जनतेच्या पैशातून सवलत घेणाऱ्या या उद्योगाला ना बिंदुनामावली, ना अनुशेष, ना जातवार मोजणीचे बंधन. २००४ साली केंद्र सरकारने खाजगी क्षेत्रातील आरक्षणाचा विषय काढला, तेव्हा उद्योगपतींच्या संघटनांनी कायदा नको, आम्ही स्वेच्छेने करू, असे उत्तर दिले. त्या स्वेच्छेचा हिशेब आजवर कोणी मागितलेला नाही.

साचेखात्याच्या दाराशी विटाळ उभा होता, संगणकखात्याच्या दाराशी गुणवत्ता उभी आहे. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वर्तमानपत्रांतील खाजगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज निरनिराळ्या आडनावांनी पाठवले होते. दलित आडनावाच्या अर्जाला पुढचे बोलावणे येण्याची शक्यता उच्चजातीय आडनावाच्या मानाने सुमारे दोन-तृतीयांश होती. त्याच वर्षी सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी भरती करणाऱ्या व्यवस्थापकांशी केलेली बोलणी प्रसिद्ध केली. जात आम्ही बघत नाही, असे सांगणारे हे व्यवस्थापक उमेदवाराची 'कौटुंबिक पार्श्वभूमी' मात्र आवर्जून बघत होते. बंगळूरच्या सॉफ्टवेअर उद्योगाचा अभ्यास करणाऱ्या कॅरोल उपाध्या यांनाही तेथे प्रामुख्याने शहरी, मध्यमवर्गीय, उच्चजातीय तरुणच दिसले. कर्मचाऱ्याने आपल्या ओळखीचा उमेदवार आणावा आणि त्याबद्दल बक्षीस घ्यावे, ही पद्धत या कंपन्यांत सर्रास आहे. जॉबर गेला, जॉबरची रीत राहिली.

आता अमेरिकेकडे पाहू. १९९० च्या कायद्याने एच-१बी परवाना आला. वर्षाला ६५,००० ही त्याची मर्यादा होती. संगणकाच्या तेजीत ती वाढवून २००१ ते २००३ या वर्षांसाठी १,९५,००० केली गेली. हा परवाना मालकाशी बांधलेला असतो. नोकरी गेली की देशात राहण्याचा हक्कही धोक्यात येतो. असा बांधलेला कामगार मालकाला हवाच असतो. २०१५ साली फ्लोरिडातील डिस्नेचे प्रकरण गाजले. सुमारे २५० संगणक कर्मचाऱ्यांना तेथे नोकरी गमवावी लागली आणि त्यांतील काहींना आपल्या जागी येणाऱ्या भारतीयांना काम शिकवून मग घरी जावे लागले. त्या अमेरिकन कामगाराचा राग खरा आहे. पण तो राग ज्याच्यावर निघतो, तो भारतीय अभियंता या व्यवहाराचा मालक नाही. जुलै २०२५ मध्ये टाटा कन्सल्टन्सीने सुमारे १२,००० कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले, तेव्हा गुणवत्ता कोणाच्याही कामी आली नाही. मनमाडला सांगितलेला दुसरा शत्रू या सुशिक्षितांना आत्ता कुठे दिसू लागला आहे.

पहिला शत्रू मात्र समुद्र ओलांडून त्यांच्याबरोबर गेला. जून २०२० मध्ये कॅलिफोर्निया राज्याच्या नागरी हक्क खात्याने सिस्को कंपनीवर दावा लावला. एका दलित अभियंत्याला त्याच्या उच्चजातीय भारतीय वरिष्ठांनी जातीवरून डावलले, असा आरोप होता. कंपनीने तो नाकारला. एप्रिल २०२३ मध्ये दोन अधिकाऱ्यांवरील दावा खात्याने मागे घेतला. कंपनीवरचा दावा चालू राहिला. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिअ‍ॅटल शहराने जातिभेदाला बंदी करणारा कायदा केला. कॅलिफोर्निया विधिमंडळाने संमत केलेले तशाच आशयाचे विधेयक मात्र ऑक्टोबर २०२३ मध्ये गव्हर्नरांनी नाकारले. शिष्यवृत्तीवर शिकून, प्रत्येक अडथळा ओलांडून आपला जो तरुण तेथवर पोचतो, त्याला तेथेही आडनाव विचारले जाते.

'बाहेरून काम करून घेणे' ही गोष्ट केवळ अमेरिका आणि भारत यांच्यातली नाही, हेही लक्षात घेतले पाहिजे. हिंजवडीच्या काचेच्या इमारतीत पहाटे फरशी पुसणारी बाई आणि फाटकावरचा पहारेकरी कंपनीच्या पटावर नसतात. ते कंत्राटदाराचे असतात. त्या इमारतीत आपल्या समाजाची सर्वांत सहज होणारी भरती ही अशी असते. आणि हीच रीत सरकारनेही उचलली. सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने नऊ खाजगी संस्थांमार्फत कंत्राटी पदे भरण्याचा निर्णय काढला. विद्यार्थी आणि संघटनांनी विरोध केला, तेव्हा ऑक्टोबरमध्ये तो रद्द झाला. निर्णय रद्द झाला, पण कंत्राटाची रीत संपलेली नाही. जेथे कंत्राट शिरते तेथून बिंदुनामावली निघून जाते.

तेव्हा अमेरिका आणि भारत यांच्या भांडणात आपण कोणाच्या बाजूने, हा प्रश्न आपल्यासाठी अपुरा आहे. सवलत घेणाऱ्या प्रत्येक कंपनीने आपल्या कर्मचाऱ्यांची जातवार मोजणी जाहीर करावी, ही आपली पहिली मागणी असली पाहिजे. भरतीची रीत उघड असावी आणि कंत्राटी कामगार पटावर यावा, या मागण्या तिला जोडूनच आहेत. संगणक उद्योगात आता कामगार संघटना उभ्या राहू लागल्या आहेत. आपल्या तरुणांनी त्यांत जरूर जावे, पण १९२८ चा धडा विसरून जाऊ नये. साचेखात्याची मागणी 'नंतर बघू' म्हणून मागे ठेवायला तेव्हा बाबासाहेब तयार झाले नाहीत. आजच्या संघटनेच्या मागणीपत्रातही हे कलम पहिल्याच दिवशी लिहिले गेले पाहिजे, आणि ते लिहून घेण्याचे काम आपले आहे.