योगविद्येचा जीर्णोद्धार करणारे स्वामी कुवलयानंद

देवळाचा जीर्णोद्धार करताना गाभारा तोच राहतो. पाया तपासला जातो, खचलेला दगड काढून तेथे दुसरा बसविला जातो, वर्षानुवर्षे चढलेले चुन्याचे थर खरवडले की खालचे मूळ काम दिसू लागते. आपल्या देशाच्या योगविद्येचा असाच जीर्णोद्धार एका मराठी माणसाने केला. गावच्या मंदिराच्या या मंगल प्रसंगी त्यांच्या चरित्राचे स्मरण करणे उचित होईल.

स्वामी कुवलयानंद यांचे मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. त्यांचा जन्म 30 ऑगस्ट 1883 रोजी गुजरातेतील डभोई येथे झाला. घरची परिस्थिती बेताची होती. तथापि बुद्धी तल्लख असल्यामुळे 1903 साली मॅट्रिकच्या परीक्षेत त्यांनी संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती पटकावली आणि बडोदा कॉलेजात प्रवेश घेतला. तेथेच राजरत्न माणिकराव यांच्या जुम्मादादा व्यायामशाळेत 1907 ते 1910 या काळात त्यांनी देशी व्यायामाचे शिक्षण घेतले. लोकमान्य टिळकांच्या विचारांचा त्यांच्यावर खोल परिणाम झाला. देशसेवेसाठी आजन्म ब्रह्मचारी राहण्याचा निश्चय त्यांनी केला व तो शेवटपर्यंत पाळला.

पुढे खानदेशात अमळनेर येथे त्यांनी शिक्षणकार्याला वाहून घेतले. तेथील राष्ट्रीय महाविद्यालयाचे ते प्राचार्य होते. राष्ट्रीय वृत्तीचे हे महाविद्यालय ब्रिटिश अमदानीत बंद पडले. दरम्यान 1919 साली नर्मदाकाठच्या मालसर येथील परमहंस माधवदासजी महाराजांची त्यांना भेट झाली होती. या गुरूंच्या चरणी बसून त्यांनी योगाचे धडे घेतले.

येथे त्यांच्यापुढे एक प्रश्न उभा राहिला. गुरूंवर पूर्ण श्रद्धा होती, योगक्रियांचा गुण स्वतःच्या शरीरावर अनुभवास येत होता. परंतु तो गुण का येतो याचे उत्तर मिळत नव्हते. गुरुवचन म्हणून स्वस्थ बसावे, की तपासून पाहावे? तपासण्यात धोका होता. परीक्षेत योग टिकला नाही तर? तरीही त्यांनी दुसरा मार्ग धरला. बडोद्याच्या सरकारी इस्पितळात उड्डियान व नौली या क्रिया चालू असताना क्ष-किरणांच्या साहाय्याने त्यांनी पोटातील हालचाली पाहिल्या.

जलबस्तीचे उदाहरण घ्यावे. वैद्य देतात त्या बस्तीत द्रव बाहेरून आत सोडावा लागतो. योगातील जलबस्तीत मात्र साधक पाण्यात बसून नौली करतो आणि पाणी आपोआप मोठ्या आतड्यात चढते. यामागचे कारण कुवलयानंदांनी दाबमापक यंत्राने शोधले. नौलीच्या वेळी आतड्यातील दाब बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा कमी होतो, म्हणून पाणी वर ओढले जाते. या शोधाला त्यांनी स्वतःचे नाव दिले नाही. ‘माधवदास व्हॅक्यूम’ असे नाव देऊन तो त्यांनी गुरुचरणी अर्पण केला.

1924 साली विजयादशमीच्या मुहूर्तावर लोणावळा येथे त्यांनी ‘कैवल्यधाम’ आश्रम स्थापन केला. त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे इंग्रजी त्रैमासिक सुरू करून प्रयोगांचे निष्कर्ष जगापुढे मांडले. हे निष्कर्ष नेहमीच लोकांच्या आवडीचे नव्हते. प्राणायामाने शरीरास नेहमीपेक्षा पुष्कळ अधिक प्राणवायू मिळतो, असा सर्वत्र समज होता. मोजणी केल्यावर तो समज त्यांना मान्य करता येईना. त्यांनी तसे स्पष्ट लिहिले आणि प्राणायामाचे खरे महत्त्व मज्जासंस्थेवरील परिणामात आहे, असे प्रतिपादन केले. एक लाडका समज गेला. पण प्राणायामाचे मोल कमी झाले नाही. उलट शिकलेल्या लोकांचा विश्वास वाढला.

1927 साली महात्मा गांधींनी रक्तदाबाच्या आजारात त्यांचा सल्ला घेतला. अमेरिकेतील येल विद्यापीठाचे संशोधक कोवूर बेहानन यांनी लोणावळ्यास राहून योगाचा अभ्यास केला व 1937 साली त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. 1932 साली मुंबईत आश्रमाची शाखा निघाली. शाळांतील मुलांना आसने शिकविली जावीत यासाठीही स्वामीजींनी पुष्कळ खटपट केली. स्वातंत्र्यानंतर कैवल्यधामात योगाचे महाविद्यालय व पुढे रुग्णालय सुरू झाले. जुन्या हठयोगग्रंथांच्या हस्तलिखितांची पाठचिकित्सा करून शुद्ध आवृत्त्या काढण्याचे कामही आश्रमाने हाती घेतले.

18 एप्रिल 1966 रोजी स्वामीजींनी देह ठेवला. आज योगाच्या नावावर देशोदेशी मोठमोठे दावे केले जातात. आजारी माणूस अशा दाव्यांवर भरवसा ठेवून औषध सोडतो आणि घरचे लोक संकटात पडतात. अशा वेळी स्वामीजींची शिस्त आठवावी. जे मोजता आले ते त्यांनी मोजले, जे खरे निघाले नाही ते सोडले. एवढे करूनही त्यांची श्रद्धा तसूभर ढळली नाही. पाया ठोकून पाहिल्याने देऊळ पडत नाही. कच्चे असेल तेवढेच निखळते, हे त्यांच्या जीवनाने दाखवून दिले. त्यांची ही वृत्ती नव्या पिढीत रुजो, हीच श्रीचरणी प्रार्थना.