चामडे किती टिकेल?

प्रयोगशाळेत आलेल्या चामड्याची परीक्षा आज ठरलेल्या क्रमाने होते. पाठीच्या कण्याजवळचा, शेपटीकडचा भाग कापून घेतात, कारण पोटाकडचे चामडे ढिले असते आणि एकाच जनावराच्या दोन भागांची ताकद सारखी नसते. तो तुकडा २३ अंश सेल्सियस आणि ५० टक्के आर्द्रतेत ठेवून स्थिरावू देतात. मग त्याची जाडी मोजतात, दोन्हीकडून ओढून तो तोडतात, चीर देऊन फाडतात, पोलादी गोळी खालून रेटत नेऊन केसांकडचा थर कधी तडकतो ते बघतात आणि न थांबता दुमडत राहून तो कुठे हार मानतो ते पाहतात. हे सारे आकडे खरे असतात आणि उपयोगाचेही. पण ते त्या दिवसाचे असतात. तेच चामडे पन्नास वर्षांनी कसे असेल, हे त्यांतला एकही आकडा सांगत नाही. ताकद आणि आयुष्य हे चामड्याचे दोन वेगळे गुण आहेत, एकावरून दुसऱ्याचा अंदाज बांधता येत नाही, ही गोष्ट पाश्चात्त्य चर्मशास्त्राला उशिरा उमगली. ती त्याला जोडे किंवा खोगिरांनी शिकवली नाही, ग्रंथालयातल्या पुस्तकांनी शिकवली. आणि या धड्यात आपल्याकडच्या तरवडाचा व हिरड्याचा वाटा बराच मोठा आहे.

चामड्याच्या टिकाऊपणाची काळजी जुन्या काळी कोणी करत नव्हते असे नाही. इंग्लंडमध्ये १६०४च्या कायद्याने तळव्याचे चामडे सालीच्या पाण्यात किती महिने मुरले पाहिजे तेच ठरवून दिले होते, आणि लंडनच्या लेडनहॉल बाजारात नेमलेले तपासनीस माल पाहून त्यावर शिक्का मारत. कापलेल्या कडेत मध्यभागी कच्ची रेघ दिसली की माल नापास. ही परीक्षा ढोबळ होती, पण तिच्यामागचा विचार साधा नव्हता. तयार माल पाहून त्याचे आयुष्य कळत नाही हे ओळखून कायद्याने मालाऐवजी तो घडवण्याच्या काळावरच बंधन घातले होते. आपल्याकडे मोटेच्या बाबतीत हीच गोष्ट वेगळ्या मार्गाने साधली जाई. विहिरीची चामड्याची मोट रोज भिजे, उन्हात वाळे, काठावर घासे, आणि ती शिवणारा व दुरुस्त करणारा चर्मकार त्याच गावचा बलुतेदार असे. मोट फाटली की दुरुस्ती त्याच्याच गळ्यात पडे, म्हणून चामड्याच्या आयुष्याचा हिशेब व्यवहारातच येऊन जाई. ही व्यवस्था गोड करून सांगण्यासारखी मात्र मुळीच नाही. ते बलुते जातीने लादलेले होते, आणि कातडे कमावणाऱ्याच्या ज्ञानाने गावाची शेती भिजत असूनही त्याला गावात मान मिळत नव्हता. मुद्दा एवढाच की करणारा आणि वापरणारा वर्षानुवर्षे समोरासमोर असतील, तर आयुष्य मोजायला यंत्र लागत नाही. ते दोघे एकमेकांना कधीच भेटणार नसतील तेव्हा लागते.

एकोणिसाव्या शतकात नेमके तेच झाले, आणि त्याच वेळी शास्त्रज्ञांनी चामड्याला विचारलेला पहिला प्रश्न आयुष्याचा नव्हता. १८०३मध्ये रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे तुरट वनस्पतींवरचा निबंध मांडला. त्यात मुंबईहून आलेल्या काताचेही पृथक्करण आहे: २०० ग्रेन कातात १०९ ग्रेन टॅनिन, म्हणजे कातडे कमावणारे तुरट द्रव्य. बंगालच्या कातात ते ९७ भरले. एक पौंड कात ओकच्या सात-आठ पौंड सालीचे काम करतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. हा आकडा महत्त्वाचा आणि प्रामाणिक आहे, पण तो किती टॅनिन लागेल आणि काम किती लवकर होईल एवढेच सांगतो. पुढची शंभर वर्षे धंद्याची दृष्टी याच प्रश्नात अडकून राहिली. महिन्यांचे काम आठवड्यांत व्हावे म्हणून तीव्र अर्क आले. रंग उजळ व एकसारखा बसावा म्हणून रंगाच्या पाण्यात गंधकाम्ल आले. जाड कातडी यंत्राने चिरून पातळ करता येऊ लागली. दुकानात हाताला लागणारे चामडे पूर्वीपेक्षा देखणे झाले. इकडे ग्रंथालयांच्या कपाटांतून पुस्तकांच्या पाठी लालसर भुकटी होऊन गळू लागल्या. रेड रॉट नावाच्या या रोगात चामडे आधी कोरडे पडते, मग बोट लावताच पावडर सुटते, आणि शेवटी सांध्यावरून पुठ्ठा अलग होतो.

लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्सने १९००मध्ये या प्रश्नावर समिती नेमली. लीड्सचे चर्मरसायनशास्त्रज्ञ हेन्री प्रॉक्टर आणि पुस्तकबांधणीतले जाणकार डग्लस कॉकरेल हे दोघेही तिच्यात होते. तिने काम दोन गटांत वाटले, आणि मला यातच तिचे खरे शहाणपण दिसते. एक गट ग्रंथालयांत जाऊन वेगवेगळ्या काळातल्या बांधण्या तपासत होता, दुसरा प्रयोगशाळेत चामड्यांना उजेड, उष्णता आणि वायूंच्या तोंडी देत होता. पहिल्या गटाला असे आढळले की ऱ्हासाच्या खुणा सगळ्याच काळातल्या चामड्यांवर आहेत, पण १८३०नंतर बांधलेल्या पुस्तकांत त्या सर्रास दिसतात. काही चामडी १८६०पर्यंत बरी आहेत, त्यानंतर जवळपास सगळीच बिघडत गेली आहेत. दुसऱ्या गटाला दिसले की जळत्या गॅसच्या धुराने आणि थेट उन्हाने सर्वांत जास्त नुकसान होते, आणि सुमाक नावाच्या झुडपाच्या पानांत कमावलेले चामडे हा मारा इतरांपेक्षा चांगला सोसते.

या निष्कर्षावर एक आक्षेप लगेच सुचतो आणि तो कच्चा नाही. जुनी वाईट चामडी केव्हाच गळून गेली असतील, त्या पुस्तकांची बांधणी पुन्हा झाली असेल, म्हणजे आज कपाटात उरलेली जुनी चामडी ही निवडून उरलेलीच आहेत. मग जुने ते सोने वाटणारच. १८३० किंवा १८६० या वर्षांकडे सीमारेषा म्हणून पाहताना हा आक्षेप मनात ठेवलाच पाहिजे. पण समितीचा सगळा पुरावा काही जुन्या-नव्याच्या तुलनेवर उभा नव्हता. एकाच पुस्तकाची पाठ आणि त्याच्याच दोन बाजू पाहा: चामडे तेच, कारागीर तोच, वर्ष तेच. पाठ कपाटाबाहेर उजेडाला आणि हवेला उघडी, बाजू शेजारच्या पुस्तकांनी झाकलेल्या. पाठ भुकटी झालेली आणि बाजू धडधाकट असेल, तर उरलेल्यांच्या निवडीने हा फरक समजावता येत नाही. शिवाय प्रयोगशाळेतले तुकडे तर सगळे नवेच होते, आणि त्यांनीही त्याच दिशेला बोट दाखवले. दुसरा आक्षेप खुद्द अहवालातच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या काळातली वासराच्या चामड्याची बांधणी बिघडण्यात हलक्या मालाइतकाच अतिपातळपणाचाही दोष असू शकतो, असे समितीने म्हटले आहे. हे पटण्याजोगे आहे. कातड्याची ताकद असते ती खालच्या थरातल्या, एकमेकांत गुंतलेल्या तंतूंत. जाड कातडे तासून पातळ केले की तोच थर जातो आणि केसांकडचा देखणा पण दुबळा थर उरतो. शेळीचे कातडे मुळातच पातळ असते, त्याचे फार तासावे लागत नाही, म्हणून त्याची वीण शाबूत राहते.

आता आपल्या बाजूची गोष्ट. या अहवालात ज्या मालावर सर्वांत कडक शेरा आहे, तो हिंदुस्थानातून जाणारा. ईस्ट इंडिया किंवा पर्शियन या नावाने विकली जाणारी मेंढ्या-शेळ्यांची कमावलेली कातडी इतर कामांना योग्य असली तरी पुस्तकांसाठी अतिशय वाईट, असे समितीचे मत पडले. त्यांत बांधलेली पुस्तके वर्षाच्या आत बिघडल्याचे आढळले होते, आणि ऊन किंवा गॅसचा धूर लागणाऱ्या कपाटात ती पाच-सहा वर्षांपलीकडे टिकतील अशी आशा समितीला वाटत नव्हती. हे चामडे मुख्यतः मद्रास इलाख्यात तरवडाच्या सालीत कमावलेले असे. तरवड म्हणजे आपल्याही माळरानांवर पिवळ्या फुलांनी डवरणारे तेच झुडूप. मग हे चामडे वाईट होते का? पहिल्या महायुद्धात सैनिकांच्या बुटांच्या वरच्या भागासाठी ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानात कमावलेल्या गाईगुरांच्या कातड्यांवर मोठी भिस्त ठेवली, आणि त्यांची कमावणीही याच पद्धतीची. बुटाला चिखलात काही महिने तग धरायचा असतो, पुस्तकाच्या पाठीला धुरकट हवेत शंभर वर्षे. ओढून तोडण्याच्या परीक्षेत हा माल कोणापुढे मान खाली घालणारा नव्हता. त्याला दोष लागला तो काळाचे माप वेगळे झाल्यावर, आणि लंडनची हवा गंधकाने भरल्यावर. हे ध्यानात न घेता त्या शेऱ्याला मद्रासच्या कारागिरीवरचा निकाल मानणे हा अन्याय आहे.

कारण रसायनात आहे. झाडांतली टॅनिने ढोबळमानाने दोन कुळांतली. सुमाक आणि हिरडा एका कुळातले, तर तरवड, बाभूळ व कात दुसऱ्या. या दुसऱ्या कुळातल्या टॅनिनांनी चामडे छान भरते, पण उजेडात लाल पडते आणि हवेतला गंधकाचा वायू जास्त ओढून घेते. त्याचे आत गंधकाम्ल होते आणि ते तंतूच कुरतडते. मद्रासचे कारागीर तरवडानंतर चामड्याला हिरड्याच्या पाण्यात शेवटचा हात देत, त्याने रंग उजळे आणि लाली आवरे. हे त्यांना सूत्रे न लिहिता ठाऊक होते. आणि हा हिरडा परदेशी बाजारातही आपल्या गावांच्या नावाने ओळखला जाई. जबलपुरी आणि भीमलीच्या जोडीला वेंगुर्ल्याचा हिरडा ही स्वतंत्र जात होती. भीमाशंकर-जुन्नरच्या रानांत आजही आदिवासी कुटुंबांची वर्षाची मिळकत हिरड्यावर बरीच अवलंबून असते. टिकाऊ कुळातले टॅनिन सह्याद्रीच्या रानातून वेचले जात होते, आणि आपल्या मालावर मात्र अल्पायुषी असा शिक्का बसत होता.

आयुष्य आधीच मोजण्याचा ठोस प्रयत्न १९३०च्या दशकात झाला. फॅरेडे इनीस यांनी १९३३मध्ये छपाई उद्योगाच्या संशोधन संस्थेसाठी एक परीक्षा मांडली: चामड्याच्या तुकड्याला गंधकाम्ल पाजायचे, मग आठवडाभर रोज हायड्रोजन पेरॉक्साइड द्यायचे. कडा काळ्या पडून बुळबुळीत झाल्या तर नापास. उत्तीर्ण चामड्यावर तसा शिक्का मारला जाई. लेडनहॉलचा शिक्का असा तीन शतकांनी परत आला, फक्त कमावणीच्या महिन्यांची जागा आम्लाच्या थेंबांनी घेतली. पण ही परीक्षा बिघाडाचे कारण आपणच गृहीत धरते. जे चामडे आम्लाने नव्हे तर ओल्या उन्हाळ्याने किंवा सततच्या हाताळणीने जाणार आहे, त्याविषयी ती गप्प राहते. याच सुमारास जो दुसरा प्रयोग उभा राहिला तो मला जास्त मोलाचा वाटतो. १९३२पासून निरनिराळ्या चामड्यांत बांधलेल्या पुस्तकांचे दोन सारखे संच ठेवले गेले: एक लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये, दुसरा वेल्सच्या समुद्रकाठी ॲबरिस्टविथच्या राष्ट्रीय ग्रंथालयात. काही दशकांत लंडनच्या पाठी झिजल्या आणि वेल्सच्या बऱ्याच चांगल्या राहिल्या. हवा हाच काय तो फरक. असा प्रयोग फार मंद, त्याचे उत्तर पाहायला आखणारे हयात नसतात, धंद्याला त्याचा काय उपयोग, असे कुणी म्हणेल. धंद्याला नसेलही. पण झटपट परीक्षा खरी की खोटी हे ठरवायला अशा मंद प्रयोगावाचून दुसरा आधारच नाही.

आज जुन्या चामड्याची अवस्था समजून घेण्याचा सर्वांत नाजूक मार्ग म्हणजे आकसण्याचे तापमान. चामड्याचे मोजके तंतू पाण्यात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली हळूहळू तापवतात आणि ते कोणत्या अंशाला एकदम आखडतात ते पाहतात. कच्चे कातडे साधारण ६५ अंशांवर आखडते, सालीत कमावलेले ७५ ते ८५, क्रोमने कमावलेले १००च्या पुढे. रेड रॉट जडलेल्या पाठीचे तंतू कधी ४० अंशांच्या आसपासच दम सोडतात. असे का होते याचा मूळ उलगडा मद्रासमध्येच झाला. १९५४मध्ये जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्ता यांनी चामड्याचे तंतू ज्या प्रथिनाचे असतात त्या कोलॅजेनची रचना तीन पदरी पिळाची असल्याचे मांडले. त्यांना कोलॅजेनचे नमुने शेजारच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेतून मिळाले होते. तापवल्यावर सुटतो तो हाच पीळ. आम्लाने आणि उजेडाने तो जागोजाग तुटलेला असेल, तर सुटायला उष्णता कमी लागते. या मापाने चामड्याचे किती आयुष्य खर्च झाले ते बऱ्यापैकी कळते. उरलेले किती, हे त्यानेही कळत नाही, कारण ते कपाट कुठल्या शहरात आहे आणि खिडकी कुठल्या दिशेला उघडते यावर अवलंबून असते. त्यामुळे जुन्या पुस्तकांना नवी पाठ लावणाऱ्या ग्रंथालयाने विक्रेत्याकडे ताकदीचा आकडा मागावाच, पण त्याआधी चामडे कोणत्या सालीत किंवा फळात कमावले आणि रंगवताना कोणते आम्ल वापरले, हे लेखी मागून घ्यावे.